दातवाल्या बाईंचे निकाल

समोरच्या माणसाचं तोंड उघडं ठेवून त्याचं मत विचारायची बाईंना सवय होती. तोंडात कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी, डोळ्यांवर दिव्याचा झोत, आणि बाई हातातलं यंत्र मध्येच थांबवून विचारणार, "मंग, तुमाले काय वाटते? त्या सालचं बक्षीस त्या मिशीवाल्याले द्याले पायजे होतं का?" माणूस कसाबसा 'आँ' म्हणायचा. ते 'हो' आहे असं बाई धरून चालत. अकोल्यात आजही असे पुष्कळ लोक असतील, ज्यांनी जन्मात एक इंग्रजी सिनेमा पाहिलेला नाही, पण हॉलीवूडच्या कुठल्या ना कुठल्या जुन्या सालचा सर्वोत्तम नट त्यांच्या संमतीनं निवडला गेला आहे.

गाव त्यांना 'दातवाल्या बाई' म्हणायचं. त्या माझ्या सासूबाई. खरं तर मी त्यांना आई म्हणायला हवं होतं. पण लग्न ठरायच्या कितीतरी आधी त्यांनी माझी अक्कलदाढ काढली होती, आणि ज्या बाईसमोर आपण खुर्चीचा हात आवळून रडलो तिला नंतर आई म्हणणं काही जमलं नाही. मी बाईच म्हणत राहिलो. आमच्याकडे जावयाला जवाईबापू म्हणतात. त्यातला जावई त्यांनी पहिल्या वर्षातच उपटून टाकला आणि नुसता बापू ठेवला.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. अमरावतीला माझं बियाण्यांचं दुकान आहे; तिथंही गिऱ्हाईकच बोलतं, मी पुडकं काढून देतो. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली, आणि मागच्या महिन्यापर्यंत त्यांच्याविषयी मी कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. सासरच्या माणसांत माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला माहीत आहे. बाई मुलाकडे पुण्याला गेल्या असत्या तर वाचल्या असत्या. त्या अकोल्यात राहिल्या, आणि राहिल्या त्या माझ्यामुळे. हे बोलणं खोटं नाही. म्हणूनच आता सगळं लिहून टाकतो. ज्यांना राग आहे त्यांनी निदान पूर्ण माहितीवर राग धरावा.

बाईंचं माहेर चांदूर बाजारकडचं, वडिलांचा संत्र्याचा बगीचा. मुलगी नागपूरला दातांची डॉक्टरकी शिकायला निघाली तेव्हा वडील म्हणाले होते म्हणे, "पोरीच्या जातीनं लोकाच्या तोंडात हात घालाचे?" त्यावर ही मुलगी म्हणाली, "तुमी संत्रं तोडता, मी दात तोडीन." नागपूरच्या त्या वर्षांत रविवारी सकाळी स्वस्तात इंग्रजी सिनेमे लागत. वसतिगृहातल्या मुली केस धुवायच्या त्या वेळेला बाई थिएटरात असत. नंतर लग्न, अकोला, दवाखाना, दोन मुलं, आणि नवऱ्याचं अकाली जाणं. या सगळ्यात सिनेमे मागं पडले. मुलं मार्गी लागली, तेव्हा बाईंनी घरातल्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत मोठा टीव्ही बसवला आणि राहिलेलं काम हाती घेतलं.

काम असं की, दरवर्षी पाडव्याला बाई हॉलीवूडचं एक जुनं साल उघडत. त्या सालात तिकडं जेवढे सिनेमे आले त्यांतले मिळतील तेवढे उन्हाळाभर आणि पावसाळ्यात पाहायचे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपले निकाल जाहीर करायचे. तिकडच्या लोकांनी त्या सालची बक्षिसं केव्हाच वाटून टाकलेली. घेणारे आणि देणारे दोघंही बहुतेक मेलेले. "म्हनूनच तं," बाई म्हणत, "आता कोनाचा वशिला लागत नाही." तिकडचा जुना निकाल मात्र आपला निकाल लागल्यावरच पाहायचा. पेपर तपासताना मास्तरानं पोराचं आडनाव वाचू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मग दोन्ही निकाल शेजारी ठेवून त्या तिकडच्या परीक्षकांना अशी काही बोलणी देत, की मेलेल्या माणसांची कीव यावी.

तान्हा पोळा पोरांचा. लाकडाचे बैल सजवून पोरं गल्लीत रांगेनं उभी राहतात, आणि कोणीतरी मोठं माणूस चांगल्या बैलाला बक्षीस देतं. बाईंच्या गल्लीत ते मोठं माणूस म्हणजे बाई. त्या आधी आपले निकाल वाचत, मग प्रत्येक निकालामागे एक नवा लाकडी बैल एकेका पोराला देत; त्या बैलाला त्या नटाचं किंवा नटीचं नाव. त्यामुळे अकोल्याच्या त्या गल्लीत सोफ्याखाली, कपाटावर, अंगणात अमेरिकेतल्या देखण्या देखण्या माणसांच्या नावांचे बैल पडलेले असत. एकदा एक पोरगी रडत आली. तिच्या बैलाचं शिंग मोडलं होतं. बाईंनी ते दातांच्या सिमेंटनं बसवून दिलं आणि म्हणाल्या, "याले जपजो. यानं एका सीनमधी असा श्वास सोडला हाय ना, की मले त्याच्या छातीतला कफ ऐकू आला."

या परीक्षक मंडळात मी शिरलो तो दाताच्याच वाटेनं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर माझा दुसरा एक दात किडला; काम चार-पाच बैठकांचं होतं. अमरावतीहून बसनं मूर्तिजापूरमार्गे यायचं, दात कोरून घ्यायचा, आणि बधिर गाल घेऊन मागच्या खोलीत पडायचं. एप्रिलच्या दुपारी अकोल्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. परत निघायचा प्रश्नच नसे. कूलरच्या वाळ्याचा वास, पन्हं, आणि पडद्यावर टोपी घातलेली काळीपांढरी माणसं. दात बरा झाला. तरी मी दर रविवारी जात राहिलो. माझी बायको वर्षा सुरुवातीला हसायची. "लोकं सासरी पाहुनचाराले जातात," ती म्हणायची, "तुमी परीक्षेले जाता."

तिसरे परीक्षक शेजारचे गावंडे काका. हिवरखेडचे शेतकरी, म्हातारपणी मुलीजवळ अकोल्याला येऊन राहिलेले. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून बाई खालच्या ओळी त्यांना जागच्या जागी वऱ्हाडीत करून सांगत. "तो म्हनते, तू गेली तं मी जीव देईन. देत नाही पन. तुमी पाहाच." काकांचा निकष एकच होता. ज्या सिनेमात घोडा असेल आणि घोड्याला नीट वागवलं असेल, त्याला मत. घोडा नसेल तर ते गाय, कुत्रा, शेवटी कोंबडी इथपर्यंत खाली यायला तयार असत. बाई वैतागत, "काका, ह्या माणसाचं सारं आयुष्य बरबाद झालं, अन् तुमी घोड्याच्या नालाचं बोलून राहिले?" काका शांतपणे म्हणत, "त्याच्या आयुष्याचं त्यानं पायलं पायजे. घोड्याचं कोन पाहीन?" बाई त्यांचं मत नोंदवून घेत. मत म्हणजे मत.

बाईंची स्वतःची नजर दातवाल्याची. त्या नटाचे डोळे पाहतच नसत, जबडा पाहत. "डोये काय, कोनीबी भरते," त्या म्हणत. "खरा दुखावलेला मानूस दाताले दात लावते. ह्यो रडला, पन जबडा सैल होता. खोटा रडला." भीती दाखवायची असली तर माणसाचा पाय दाखवायला हवा, हे त्यांचं दुसरं मत. आयुष्यभर खुर्चीतली माणसं पाहून ते झालेलं. चेहऱ्यानं हसत बसलेल्या माणसाचे पायाचे अंगठे आत वळलेले असत. ज्या दिग्दर्शकानं घाबरलेल्या नटीचे बूट दाखवले त्याला त्या हमखास एक मत जास्त देत. मी सुरुवातीला माना डोलवायचो. मग एके रविवारी मी म्हटलं, "बाई, मला ती दुसरी आवडली." बाईंनी सिनेमा थांबवला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "काहून?"

हा 'काहून', म्हणजे आपला 'का', त्यांचा मोठा होता. घरात माझ्या मताला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. भाजी कोणती, गाडी कोणती, विचारतात. मी सांगतो, ते होतं किंवा होत नाही. पण माझ्या आवडीला कोणी उलटून 'काहून' असं विचारलेलं मला आठवत नाही. पहिल्यांदा मला उत्तर आलं नाही. "उत्तर नाही तं मत नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा पाय. आठवनीतला पिक्चर नेहमीच चांगला असते." मी तो पुन्हा पाहिला, आणि पुढच्या रविवारी बसमध्ये अख्खा रस्ता मनात उत्तर जुळवत गेलो. पन्नाशीला टेकलेला माणूस शाळेच्या पोरासारखा ओठ हलवतोय, हे शेजारच्या बाईनं पाहिलं आणि ती जरा सरकून बसली.

एका सालाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढं ती आमच्यावर उलटली. दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाच्या बायकोचा एक सिनेमा होता. दवाखान्यातल्या मदतनीसानं कुठूनतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेला. नवऱ्याची होडी परत येत नाही, गावातली माणसं ते सांगायला येतात, आणि तिथं सिनेमाचा आवाज एकदम गेला. माणसांचे ओठ हलतात, शब्द नाही. ती बाई गोल जिन्यानं वर चढते, पावलांचा आवाज नाही. लाटा फुटतात, आवाज नाही. गावंडे काकांनी सुपारी चघळायची थांबवली. बऱ्याच वेळानं, दिवा लागतो तिथं, आवाज परत आला. बाईंचे डोळे भरले होते. त्यांचा जबडा कसा होता ते मी मुद्दाम पाहिलं. आवळलेला होता. "याले म्हनते हिंमत," त्या म्हणाल्या. "तिले आता काईच ऐकू येत नाही, म्हनून आपल्यालेबी येत नाही." दिग्दर्शनाचा बैल एकमतानं त्या सिनेमाला गेला. घोडा नसूनसुद्धा काकांचं मत मिळालं.

दिवाळीच्या सुमारास मला त्याच सिनेमाची दुसरी प्रत मिळाली. तिच्यात त्या जागी माणसं भडाभडा बोलत होती आणि वर व्हायोलिनं रडत होती. आमची प्रतच खराब होती. मी ती आठवडाभर दुकानातच ठेवली, मग घेऊन गेलो. बाईंनी पूर्ण पाहिली. शेवटी म्हणाल्या, "वाजंत्री लावून नास केला बाप्पा यानं."

"मग आता तो बैल?" मी विचारलं.

"बैलाचं काय?"

"परत घ्यायचा? निकाल चुकला ना आपला."

"कायले चुकला? आपन जो पायला त्याले बक्षीस देल्लं. तो पिक्चर त्यायच्याजवळ नाही, आपल्याजवळ हाय. निकाल लागला बापू. आता त्या दिग्दर्शकाले पटत नसन तं त्यानं वरून अर्ज करावा."

ही गोष्ट वर्षानं हसत हसत तिच्या भावाला सांगितली. श्रीकांतदादा पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. माणूस वाईट नाही. आईला दर महिन्याला औषधं, दर वर्षी तपासण्या, सगळं करायचा. तो फोनवर पोट धरून हसला. पुढं आमच्या कितीतरी जेवणांत त्यानं ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली. "आमच्या मातोश्री. आवाज गेलेल्या पिक्चरला पहिलं बक्षीस!" बाई शेजारी बसून पोळी वाढत असत. एकदाही त्यांनी 'तसं नव्हतं रे' म्हटलं नाही.

मग बाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. जिना चढताना धाप लागायची, पाय सुजायचे. दवाखाना त्यांनी आधीच कमी केला होता, तो बंद केला. डॉक्टरांनी सांगितलं की यांनी एकटं राहू नये. त्याच पाडव्याला बाईंनी एक साल उघडलं, जे त्या इतकी वर्षं टाळत होत्या. सिनेमावाले ज्या सालाबद्दल म्हणतात की असं भरघोस साल त्यांच्याकडं आधी आलं नाही आणि नंतरही नाही, ते. जुनी माणसं त्याची नुसती यादी वाचून उसासे टाकतात. "हे मी मांगं ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "आता ठेवून कायचं करू?" एका उन्हाळ्यात संपणारं साल नव्हतं ते. आम्ही रविवारी तीन-तीन सिनेमे पाहायला लागलो.

मेमध्ये श्रीकांतदादा गाडी घेऊन आला. आदल्या दिवशी त्यानं मला फोन केला होता. "आईला न्यायचं ठरवलंय. तुम्ही जरा तिला समजवा, तुमचं ऐकते ती." मी म्हटलं, "बघू." माझ्या आयुष्यातली अर्धी उत्तरं 'बघू' आहेत, आणि त्यानं ते 'हो' धरलं.

दुपारी जेवणं झाली. गावंडे काका घरगुती बोलणं निघणार हे ओळखून आपण होऊन उठून गेले. दादानं सगळं नीट मांडलं. पुण्यात घरापासून दवाखाना जवळ, सून घरी असते, वेगळी खोली, मोठा टीव्ही. "तिथं पाहा ना तुझे पिक्चर. कोण नाही म्हणतंय?"

"तिथं मी तुह्या घरी पाहीन," बाई म्हणाल्या. "आवाज कमी करून."

"आई, इथं रात्री-बेरात्री काही झालं तर कोण आहे? ते गावंडे काका? आवाज गेला तरी तुम्हाला दोघांना कळत नाही!" तो हसण्यावारी बोलायला गेला, पण कोणी हसलं नाही.

बाई उठून सरळ बसल्या. "मंग मतं घेऊ."

"हा काय सिनेमा आहे?"

"नाही, म्हनून तं मतं घेऊन राहिली. सिनेमा असता तं तुले विचारलं नसतं. माहं मत अकोला. तुहं बोल."

"पुणे. शंभर वेळा पुणे."

"वर्षा?"

वर्षा माझ्याशेजारी बसली होती. ती आईकडं पाहीना, भावाकडंही पाहीना. "मले नोको विचारू आई," ती म्हणाली. "माहं काई मत नाही." आणि चहा ठेवायला आत निघून गेली. दुपारी दोनला, त्या उन्हात, कोणाला चहा हवा होता कोण जाणे.

मग दोघंही माझ्याकडं वळले. जावयानं अशा गोष्टीत पडू नये हे मला शिकवावं लागत नव्हतं. 'बघू' म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, "अकोला."

दादा आईकडं वळला. "जावयाच्या मतावर राहणार तू?"

"पोराच्या मतावर गेली असती ना?" बाई म्हणाल्या. "तं जवायाच्या मतावर राहीन. त्यात काय."

तो संध्याकाळीच परत निघाला. मला काही बोलला नाही, गाडीत बसताना फक्त म्हणाला, "लक्षात ठेवा हे."

आता जे मागच्या महिन्यापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं ते. लोक समजतात मी म्हातारीच्या हट्टाला भुललो, तिची दया आली म्हणून मत दिलं. काही जण मला चांगला ठरवायला म्हणतात, की तिचं मन राखलं. मी कुणाचं मन राखलं नाही. दादा गेल्यावर बाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, "बापू, खरं सांगा. माह्यासाठी म्हटलं का सोतासाठी?"

मी खाली पाहिलं. "स्वतःसाठी."

"काहून?"

"तुम्ही गेल्या तर रविवारी मी कुठं जाऊ?"

बाईंनी मान हलवली. एखादं उत्तर पटलं की हलवायच्या तशी. "मंग बरं हाय. माह्यासाठी म्हटलं असतं, तं मी मेल्यावर तुमाले झेपलं नसतं."

त्यांचा हा अंदाज चुकला. स्वतःसाठी म्हटलं होतं म्हणूनच जास्त झेपलं नाही. पण ते नंतरचं.

पुढचे महिने मला कोणी परत देणार असेल तर मी बियाण्याचं दुकान देईन. पेरणीचा हंगाम, गिऱ्हाइकांची रीघ, आणि मी रविवारी नोकराच्या भरवशावर गल्ला टाकून अकोल्याला. दिवसभरासाठी एक कामवाली ठेवली होती. बाईंनी तिलाही सिनेमाला बसवलं, ती पहिल्या दहा मिनिटांत झोपायची. एक एक निकाल लागत गेला. नटाचा लागला, दिग्दर्शनाचा लागला. काकांच्या हट्टानं घोड्यासाठी एक खास बक्षीस काढलं. अडलं ते नटीवर. बाईंना एक खाणावळवाली म्हातारी पसंत होती. पूर्ण सिनेमात तिचे चारच प्रसंग, पण एकात ती भाडं थकवणाऱ्याला ताट वाढते आणि जेवता जेवता त्याच्या हाताखालून वाटी काढून घेते. माझी पसंती एका कोर्टातल्या नटीला, जी साक्ष देताना हळूहळू खोटं बोलायला लागते आणि आपल्यालाच समजत नाही कधीपासून.

"तुमची लई देखनी हाय," बाई म्हणाल्या.

"देखणेपणासाठी नाही."

"मंग काहून?"

"तुमची म्हातारी पहिल्या प्रसंगातच पूर्ण कळते. माझी शेवटपर्यंत कळत नाही."

बाईंनी वाटीचा तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाल्या, "उत्तर चांगलं हाय. मत तरी देत नाही." आणि हसल्या. निकाल पुढच्या रविवारवर गेला.

श्रावणात, आठवड्यातल्या मधल्याच एका सकाळी, कामवाली यायच्या आधी, बाई अंगणात तुळशीला पाणी घालताना पडल्या. गावंडे काकांनी भिंतीवरून पाहिलं. रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, "घरात कोणी असतं, मोठा दवाखाना जवळ असता, तर कदाचित." बाकीचं मी ऐकलं नाही. 'कदाचित' तेवढं ऐकलं, आणि गेली दोन वर्षं तो एक शब्द घेऊन मी झोपतो आणि उठतो.

तेरवीला मांडवात कुणीतरी म्हणालं, "जवायानं एका शब्दात म्हातारी मारली." मला ऐकू जाईल असंच म्हटलं होतं. मी पत्रावळीवरची वडी संपवली. दादा माझ्याशी त्या दिवसापासून बोलला नाही. वर्षा माझ्याशी बोलायची, पण आईविषयी नाही. मी नटीचा निकाल काही लावला नाही. दोन्ही सिनेमे एकट्यानं पुन्हा पाहिले. माझं मत बदललं नाही; बाईंचंही बदललं नसतं. काकांना विचारलं तर त्यांनी पुन्हा घोडाच सांगितला. ते साल तसंच आहे.

मागच्या महिन्यात अकोल्याचं घर विकायचं ठरलं आणि आम्ही तिघं सामान काढायला गेलो. मागच्या खोलीत दादा टीव्हीच्या तारा गुंडाळत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडं वळून बोलला.

"एक विचारायचं होतं. आज पुन्हा तीच वेळ आली तर काय म्हणाल?"

मला वाटतं, मी चुकलो एवढं त्याला ऐकायचं होतं. तेवढ्यानं त्याचं भागलं असतं, आणि कदाचित माझंही. मी म्हटलं, "अकोला."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. रोज वाटते. मी त्यांच्यासाठी म्हटलं नव्हतं, माझ्यासाठी म्हटलं होतं, त्याचीही वाटते. त्या पुण्यात असत्या तर आज असत्या, असं तुम्ही म्हणता, ते खरंही असेल. पण मत तेच आहे. लाज वाटते म्हणून मी ते फिरवणार नाही. त्यांना त्यांच्या घरात, मोठ्या आवाजात पिक्चर पाहायचा होता. तो त्यांनी पाहिला."

दादानं हातातल्या तारा खाली टाकल्या. तो काहीतरी फार वाईट बोलणार होता, आणि तो अधिकार त्याला होता. तेवढ्यात दारातून वर्षा म्हणाली, "दादा, माहं मत राहिलं होतं."

ती हातात आईच्या साड्यांचं बोचकं घेऊन उभी होती.

"मी अकोलाच म्हननार होती," ती म्हणाली.

दादा तिच्याकडं वळला. पुण्याची त्याची भाषा एका क्षणात गळून गेली. "मंग तवा काहून नाही म्हटलं?"

"उद्या आईले काई झालं तं ते माह्या नावावर नोको, म्हनून." तिनं बोचकं खाली ठेवलं. "हे 'अकोला' म्हनतीन, मले माहीत होतं. म्हनून चहा ठेवाले गेली. दोन वर्षं तू याईच्या मांगं याईले बोलून राहिला, अन् मी ऐकून राहिली. आता मलेबी बोल."